माझ्यावर शिकणाऱ्या पोरी

सोम. ३ नोव्हें.
पहाटे वर्गाचा आवाज कानात. वरोऱ्याची आमची शाळा, सगळे एका सुरात नदीची कविता म्हणतोय, दयाराम मागे. आम्ही थांबलो की त्याची शेवटची ओळ एकटीच यायची. गुरुजीही हसायचे.
डोळे उघडले तर तोंडासमोर मोबाइल. चंद्रपूरच्या वृद्धसेवा शिकवणाऱ्या केंद्रातली पोरगी. "झोपेचा फोटो पाठवा लागते पुण्याले, आजोबा." दिवाळीत न्हाणीत पडलो, डावा हात प्लास्टरात, तेव्हापासून पुण्याच्या मुलाने हे सुरू केलंय. या पोरींना वृद्धसेवेत फार स्कोप आहे म्हणे, शिकून थेट जपानात नोकरी. स्कोप म्हणजे मी!

मंगळ. ४
गळ्यात लाळेरं बांधलं. "आ करा, बाळ." म्हटलं, बाई, उजवा हात धड आहे माझा. "केंद्रात असंच शिकवते."
मग मेंदूचा व्यायाम. टाळ्या वाजवत इंग्रजी बालगीत. शी! मी हात हलवला नाही, तर तिनेच धरून प्लास्टरवर टाळी वाजवली. उपमा थुंकला. तोही फोटो गेला असेल.

बुध. ५
पोरगी गेली. ही तिसरी. जाता जाता, "यांच्यापेक्षा जपानातले म्हातारे परवडले."
मुलाचा फोन. "बाबा, आता चौथं माणूस पळवलं तर रविवारी गाडी घेऊन येतो. नागपूरचा वृद्धाश्रम पाहून ठेवलाय." पाहून ठेवलाय! हे घर, ही खिडकी, कपाटातली शाळेची पुस्तकं... पुढचं लिहवत नाही.

गुरु. ६
केंद्राचा फोन. पोरी यायला तयार नाहीत, पुरुष पाठवतो. म्हणजे हा न्हाणीतही येणार. किळस आली. दारच उघडणार नाही.

शुक्र. ७
कडी वाजत राहिली. शेवटी दाराला फट केली. केंद्राचा निळा गणवेश, आणि केस माझ्याहून पांढरे.
"काऊन रे, ओळखलं नाई?"
दयाराम!
"बल्लारपुराहून रिटायर झालो. घरी बसून का करू? कोर्स केला, पोरींच्या मधात एकटाच बुढा. मले कोणी ठेवूनच नाई राह्यलं. तुयं नाव पाह्यलं, म्हटलं मीच जातो."
हसू आलं. मग त्याच्या खिशातून डोकावणारं लाळेरं दिसलं. ज्याच्यासोबत चिंचा चोरल्या, तो मला आंघोळ घालणार?
दार परत लावून घेतलं. तो ओट्यावर बसलाय, मी आत हे लिहितोय. परवा रविवार.
बाहेर त्याने नदीची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्यात अडला. परत पहिल्यापासून. परत तिथंच अडला. पुढची ओळ मला येते, पण इथून सांगितली तर त्याला ऐकू जायची नाही, दार उघडावं लागेल.