लाइन मोकळी ठेवा

३ जुलै
इतक्या उशिरा लिहितोय, माफी असावी. माफी कोणाकडे मागतोय ते माहीत नाही, ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण आखातात युद्ध लागल्यापासून पेन हातात धरवत नव्हतं. आमचा मुलगा प्रशांत तिकडे क्रेन चालवतो. क्रेन उंच असते. विमानातून पहिली तीच दिसणार.
त्याचा मोबाइल बंद लागतो. ठरवलं. रेडिओवर 'जग काय म्हणतं' लागतं, त्यात फोन करायचा. तज्ज्ञांकडून युद्ध थांबायची पक्की तारीख घ्यायची.

४ जुलै, सकाळी
एंगेज. शेजारच्या कमळूचा मात्र लागला! सातवी नापास माणूस, सापगावात बसून अमेरिकेला सल्ला देतो. मी सातवी पास आहे.
सून रत्नप्रभा भाताच्या आवणीला माहेरी मुरबाडला गेलीय. तिला बजावलं, इकडे फोन करू नकोस, लाइन मोकळी ठेव.
गोजा म्हणाली, "तुमच्या फोनानं तोफा थांबणार हायत काय?" बायकोशी इंटरनॅशनल विषय बोलू नये.

५ जुलै
परदेशी नंबर आला. रेडिओवर कालच सांगितलं, अनोळखी परदेशी नंबर म्हणजे फसवणूक. कापला. परत आला, परत कापला. डोकं शांत ठेवलं.
गोजा म्हणे, उचला तरी. म्हटलं, बँक रिकामी करतील. म्हणाली, "भरली कदी व्हती?"

६ जुलै
तोच नंबर. टोळीच आहे. शत्रुराष्ट्राची असणार, मी रेडिओला फोन लावतोय ते कळलं त्यांना. कडी लावून बसलो.
रेडिओवाल्यांनी होल्डवर घेतलं, तेवढ्यात मध्ये टूं टूं. टोळीला कापायला गेलो, रेडिओ कापला गेला.
दुपारी कमळू दार बडवत होता. "भाऊ, उघड रं! फोनचं सांगायचंय!" त्याचा परत लागला असणार. उघडलं नाही.

७ जुलै
लागला! बाई म्हणाली, काका, तुमचा रेडिओ बारीक करा. केला नाही, मला माझा आवाज ऐकायचा होता. कर्कश शिटी वाजली आणि प्रश्नच विसरलो. तोंडातून निघालं, "मॅडम, क्रेनवाल्यांना खाली उतरवायला सांगा." बाई म्हणाली, धन्यवाद काका.
पुढचा फोन मुरबाडचा. आवाज ओळखीचा. रत्नप्रभा!
"बाबा, तुमचा फोन लागत नाय, कमळूकाकांना दार उघडत नाय, म्हणून इथं लावला. यांचा मोबाइल बिघडलाय. तुमी कापताय तो यांचा नवा नंबर हाय. ते बरे हायत. पण तुमाला कायतरी झालंय समजून नोकरी टाकून निघालेत. माझं ऐकत नायत. म्हणतात, बाबांचा आवाज ऐकव."
तालुक्यानं ऐकलं. गोजा उठून आत गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

७ जुलै, संध्याकाळी
त्या नंबरला फोन लावला. या पॅकवर परदेशी फोन जात नाही म्हणे. कमळूकडे गेलो, त्याच्याकडेही तोच पॅक. हसला नाही तो. रत्नप्रभाला सांगितलं, मी बरा आहे असा निरोप दे. तिचा फोन तो उचलत नाही.
रेडिओ बंद केलाय. कडी काढलीय. फोन मांडीवर आहे, वाजत नाही.
प्रशांत, क्रेनवरच बस बाबा, विमानात बसू नको. लवकर फोन कर. पहिल्या रिंगला उचलतो.