भांडणाचा धुरा

ती. दौलतभाऊंना धाकटा चुलतभाऊ नत्थू याचा दुरूनच नमस्कार. (वाकून करायचा तर आपल्या दोन शेतांमधला बांध, म्हणजे आपला धुरा, ओलांडावा लागेल, आणि ते कोर्टाला चालणार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मनकर्णावहिनींचा खोकला गेला का? गेला असावा, कारण आठवडाभर आमच्या अंगणात ऐकू आला नाही आणि सवय असल्यामुळे चुकल्यासारखं झालं. आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. पण लिहिणंही बंद करायचं असं काही ठरलं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

कारण असं, की पोरांनी आपला खटला मिटवायचं ठरवलं आहे. तुमचा शुभम आणि आमचा वैभव पांढुर्ण्याला चहाच्या टपरीवर भेटले आणि अर्ध्या कपात मोकळे झाले. (ज्यात आपली उमेदीची वर्षं गेली, ते अर्ध्या कपात!) येत्या शनिवारी सौंसरला लोक अदालतीत आपण दोघांनी सह्या करायच्या, अर्धा धुरा तुमचा, अर्धा आमचा. सोमवारी जेसीबी येणार, सगळं सपाट करणार आणि दोन्हीकडे संत्र्याची एकेक ओळ वाढणार. खटला लागला तेव्हा आपण छिंदवाडा जिल्ह्यात होतो, आता पांढुर्णा जिल्ह्यात आहोत. जिल्हा सरकला, पण धुरा आपण बोटभर सरकू दिला नाही, याची पोरांना कदर नाही. तुम्हाला सहीसाठी राजी करायचं काम वैभवने माझ्या गळ्यात घातलं आहे, तेच करतो आहे.

त्यात आमच्या सौ. केसरबाईच्या बहिणीची मुलगी प्रणाली आली. ती झाडापाल्याचं मोठं शिक्षण घेते आणि रानातली झाडंवेली अजून कुठे टिकून आहेत त्या जागा शोधून, त्या राखा म्हणून सांगत फिरते. मी तिला आपल्या भागातलं उत्तमातलं उत्तम दाखवलं. जामसांवलीला मारुतीचं दर्शन करवलं आणि बाहेरच्या दुकानांतल्या कुंड्या दाखवल्या. रामाकोन्याला एका ओळखीच्या घरचे गुलाब दाखवले, त्यांनी वर चहाही पाजला. पोरगी दमली, पण रागावली नाही. म्हणाली, "मावसाजी, हे तं सारं लावलेलं आहे. मले कोणी न लावलेलं पाह्यजे." आता न लावलेलं उगवलं की उपटायचं, यातच माझा जन्म गेला. ते कुठे दाखवायचं, मला सुचेना.

शेवटी डबा खायला शेतात आणलं. हात धुवायला म्हणून उठली ती सरळ धुऱ्यावर गेली. स्टे आहे, पाय ठेवू नको, असं मी ओरडेपर्यंत ती पोटावर पालथी पडली होती. मला वाटलं साप चावला. मी पिण्याच्या पाण्याची अख्खी कॅन तिच्या डोक्यावर रिकामी केली. (सापावर हा उपाय नाही, हे नंतर आठवलं.) आरडाओरडा ऐकून शुभम काठी घेऊन धावला, आणि आम्हाला धुऱ्यावर पाहून त्याने कब्जा होत असल्याची हाक गावापर्यंत पोचवली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही पाठ करून उभे होतात, म्हणून सांगतो. दोन्ही घरं आपापल्या हद्दीत दात खाऊन उभी, आणि मध्ये ओलीचिंब प्रणाली बोटभर दांडीवरच्या एका पांढऱ्या फुलाकडे पाहत पडलेली. तिथे कळलावी आहे, शतावरी आहे, मुसळी आहे, काटवलाचे वेल आहेत. (काटवलं आपल्या दोघांच्या बायका कधीपासून वाटून नेतात, त्यांचा खटला नाही.) इतकं एका जागी तिला सगळ्या फिरण्यात कुठे दिसलं नव्हतं. तिने मान वर करून विचारलं, "मावसाजी, हे इतकं कोणं राखलं?"

इतक्या वर्षांत तिथे ना नांगर गेला, ना विळा, ना तणनाशक. शेळी शिरली तरी आपण एकमेकांवर अर्ज केले. भाऊ, तुमची पाठ जराशी ताठ झाली, ते मी पाहिलं. माझाही ऊर भरून आला.

सगळे गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो, अर्थात माझ्या बाजूला. भादव्याचं ऊन होतं, माश्यांची गुणगुण होती, डोळा लागला. स्वप्नात धुरा हळूहळू रुंद होत गेला आणि संत्र्याची झाडं अदबीने मागे सरकली. पटवारी साखळी घेऊन मोजायला आला, तर साखळीला पानं फुटली. त्याने ती तिथेच सोडली आणि चप्पल काढून बसला. लांबून तुमच्या शिव्या येत होत्या, पण पाखरांच्या आवाजासारख्या, एक थांबली की दुसरी. जाग आली तेव्हा कळलावीची लाल फुलं हलत होती. मला इतकं बरं वाटलं, की खटला जिंकूनही वाटलं नसतं.

असो. राग सोडा, शनिवारी या आणि सही करा.

तुमचा,
नत्थू

ता. क. वैभवने शेवटची ओळ तेवढी वाचली आणि खूश होऊन गेला. आता खरं लिहितो. सही करू नका. मी भर अदालतीत राजी आहे म्हणेन, तुम्ही नाही म्हणा. मला चोर म्हणा, लबाड म्हणा, काय वाटेल ते म्हणा. जागा राखायचं सरकारी काम व्हायला वेळ लागेल, असं प्रणाली सांगते. तोवर त्या फुलाला आपल्या भांडणाशिवाय कोणाचा आधार नाही. प्रेमाने जमीन पडीक ठेवली तर पोरं म्हणतील म्हातारे येडे झाले. वैराने ठेवली तर कोणी काही म्हणत नाही.

आणखी एक. त्या पांढऱ्या फुलाला संध्याकाळी वास येतो म्हणे. शुक्रवारी दिवेलागणीला मी माझ्या बाजूला बसेन, तुम्ही तुमच्या बाजूला बसा. बोलायचं काही नाही, बोलणं बंदच आहे. तंबाखू तुमची, चुना माझा, पूर्वीसारखं. डबी धुऱ्यावर ठेवलीत तरी मी तक्रार करणार नाही.