बाबांचा फोटो

प्रिय ताई,

आईचं डोक्याचं ऑपरेशन पार पडलं, ती दूधही प्यायली. बाबांना एवढंच वाचून दाखव, त्यांच्या जिवात जीव येईल. गोळ्या घेतात ना ते?

पुढचं तुझ्यापुरतं. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटली होती, म्हणून आईला जागं ठेवून घरच्यांचे फोटो दाखवत होते. ती नावं सांगायची, तोवर डॉक्टर गाठ काढत राहायचे. बाबांच्या फोटोला ती दोनदा गप्प राहिली. तिची वाचा जाईल म्हणून डॉक्टर तिथेच थांबले. थोडी गाठ आत राहिली.

आज विचारलं, "नाव आठवेना का गं?"

"आठवत होतं की," ती लाजली. "पण परक्या माणसांत यांचं नाव कसं घेऊ?"

हसू नकोस. मीही आधी हसलोच होतो.

जिन्यात बसून लिहितोय,
तुझा धाकटा