तिघींच्या माना

सोमवार, ६ तारीख

चित्रवाली बाई आली होती. तिचे कपडे शिवून झाले नव्हते, थांबावं लागलं. पण गप्प बसेल तर! मापाच्या खाकी कागदाचा तुकडा मागून घेतला, पेन्सिल काढली आणि चहा येईपर्यंत दुकानातल्या तिघी कागदावर! सूनबाई मशीनवर, काजवाली काज करताना, बडबडी धागे तोडताना. खोडरबर एकदाही नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं कळतं — काजवालीच्या पाठीचा बाक एका रेषेत आलाय. एका!

मी मात्र नाही. कोपऱ्यात स्टुलावर धडधडीत बसलो होतो. दिसलो नाही?

मंगळवार

चित्र भिंतीवर लावलं.

"अय्या, माझं नाक एवढं?" बडबडी.

"कमीच केलंय बाईनं," काजवाली.

जवळून पाहिलं. चुकलंय! तिघींचे हात कामात, माना मात्र डावीकडे. असं शिवलं तर सुई बोटात जाईल. माझा जन्म गेला मशीनवर. सूनबाईला दाखवलं. "असू दे हो बाबा, घाईत काढलंय."

बुधवार

सकाळपासून जिवाला घोर. गेल्या महिन्यात चक्कर येऊन पडलो, तेव्हापासून हातात कात्रीसुद्धा देत नाहीत. वर सूनबाई म्हणते, "घरी आराम करा ना." म्हणजे अडचण झालीय माझी. आज चित्रातून गाळलं, उद्या दुकानातून!

माना सरळ करायला खोडरबर घेऊन गेलो. हात धजेना. सूनबाईचा खांदा किती दमलेला काढलाय! रोज समोर असतो, मला कधी दिसला नाही.

शुक्रवार

सूनबाईच्या बोटात सुई गेली. मशीनची! मी पाणी प्यायला उठलो होतो, पाय जरा लटपटला, इतकंच — तेवढ्यात ती ओरडली. मी चिडलो. "लक्ष कुठे होतं?"

ती बोट दाबून बसली. काजवालीच फणकारली, "कुठे असणार? तुमच्याकडे! दिवसभर तिघींचं तिकडेच असतं. पुन्हा पडाल म्हणून."

चित्रापाशी गेलो. तिघी डावीकडे बघतायत. तिथे कागद संपतो. त्याच्यापुढे माझं स्टूल.

शनिवार

स्टूल उचललं, मशीनच्या थेट समोर ठेवलं. "बघा आता, मान न वळवता!"

बडबडी खो खो हसली. सूनबाईनं पट्टी बांधलेल्या हातानं कात्री पुढे केली. धागे तोडायला.