आईच्या काळ्या खिडक्या

ल्यों, ८ डिसेंबर

गास्पार,

दादा म्हणवत नाही आता. हीटर बिघडल्याची थाप मारून तू आईला माझ्याकडे धाडलंस आणि रोषणाई बघायला आलेल्या प्रवाशांना तिचं घर भाड्याने दिलंस. लाज कशी वाटली नाही रे?

आज संध्याकाळी ती हट्टाने आपल्या गल्लीत आली, पिशवीत मेणबत्त्या घेऊन. घरोघरी खिडक्यांत मेरीमातेसाठी दिवे लावलेले, तिच्याच खिडक्या तेवढ्या काळ्या. एक अनोळखी जोडपं तिच्या दाराला कुलूप लावत होतं. आई काय ते समजली.

शेजारच्या पेरेबाईंनी विचारलं, "यंदा अंधार कसा? कुणी वारलं का?"

"हो, मुलगा," आई म्हणाली.

म्हणून हे पत्र टाकणार नाही. मेलेल्या माणसाला टपाल कुठे पोचतं?

तुझी बहीण होते ती,
ब्लांदीन