देवळाच्या भिंतीवरची गेरूची रेघ

आप्पा, तब्येत कशी आहे? तिकडं तरी दमा उठत नाही ना? काकींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या आईंना नीट दिसायला लागलं का? तिघंही कधीच गेलात, तरी विचारल्याबिगर राहवत नाही. मी बरा आहे. हात कापतो, म्हणून रांजणगावच्या पाट्या रंगवायचं काम सोडलं. रंग कालवायला तुम्हीच शिकवलं होतं.

काल खुटबावच्या देवळात गेलो होतो. मुंबईत नाव काढून, परदेशात चित्रं मांडून तुम्ही नव्वद सालानंतर गावी परतलात आणि देवळाच्या भिंतीवर ना देव ना माणूस, नुसते रंगाचे पट्टे काढलेत. तपकिरी पट्ट्यावर गेरूची आडवी रेघ. आपल्याकडं मेंढरं मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर त्यांच्या पाठीवर गेरूची वेगळी खूण करायचं, आणि आडवी रेघ ही तुमच्या घराची. त्यात डोंगरावरच्या चराईवरून तुमचा आणि थोरल्या घराचा तंटा पेटलेला. तपकिरी पट्टा म्हणजे तोच डोंगर असं धरून थोरल्या घरातले तुमचे चुलतभाऊ, दादा, चित्रावर फासायला चुन्याची बादली घेऊन आले, मागं काठ्या घेतलेली माणसं.

"आप्पा, डोंगरावर तुझी खूण? देवाच्या भिंतीवर डोंगुर नावावर करून घेतला व्हय?"

काकी कळवळतात, "अवो, डोंगुर न्हाई म्हना की! येवढ्यानं काय जातंय?" पण चित्रात काय आहे हे तुम्ही जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, मुंबईच्या बड्या लोकांनाही नाही. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहता. मी तुमच्या बाजूला.

"सरक," दादा म्हणतात.

"दादा, डोंगर कुठाय? दाव बरं," तुम्ही म्हणता.

त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो काय!"

मागून त्यांचेच मेहुणे म्हणाले, "दाजी, त्यो कसला डोंगुर? बसल्याली म्हस हाय ती."

"म्हशीला शिंगं कुठायत, शान्या? खळं हाय त्ये!" दुसरा.

झालं, त्यांच्यातच जुंपली. दादांनी भिंतीकडं बराच वेळ पाहिलं, आणि बादली उचलून चालते झाले. तेव्हा कुठं तुम्ही भिंतीवरून पाठ काढलीत. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

चित्र अजून आहे. खरं सांगू? इतकी वर्षं तुमचा शिष्य म्हणवतो, पण त्यात काय आहे ते मला काही ओळखू येत नाही. पाय मात्र तिथनं निघत नाहीत. हे पत्र टाकणार तरी कुठं म्हणा, पेटीतच राहील. पण आप्पा, मी कुणापाशी बोलणार नाही. तुम्हाला त्यात काय दिसत होतं, तेवढं लवकर लिहून कळवा.