विनीने खणलेला माझा आवाज

नॉरफोक, रविवार

आई गं,

पोटभर जेवतोय, मोजे कोरडे आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

आज विनीवर जळून माझा कोळसा झालाय. विनी म्हणजे शेतात गाडलेल्या जुन्या वस्तू शोधणाऱ्या आमच्या मेटल डिटेक्टरवाल्या मंडळातली सत्तरीची म्हातारी. नांगरलेल्या शेतात मी तिच्या पुढेच चालत होतो. एक ससा दिसला, मांजराएवढा! असो. माझं यंत्र बारीक कुरकुरलं. सकाळपासून बिअरच्या डब्यांच्या नऊ कड्या खणल्या होत्या. ही दहावी असणार, म्हणून पुढे गेलो. विनीने मागून येऊन तिथेच खणलं आणि सोन्याची अंगठी काढली, पाचशे वर्षांपूर्वीची!

"तुला ऐकू आलं होतं ना रे, जोरी?"

"आलं होतं."

"मग खणायचं होतंस की, राजा!"

तूही हेच म्हणतेस, मी सगळं अर्धवट सोडतो. म्हणून चिडून संध्याकाळपर्यंत प्रत्येक आवाज खणला. तेवीस कड्या निघाल्या आणि शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचा एक पितळी अंगुस्ताना. सापडेल त्यात शेतमालकाचा निम्मा वाटा असतो, पण तो हसून म्हणाला, "ने तुझ्या आईला!"

सोबत पाठवलाय. बोटात बसला नाही तरी अगदी मापाचा बसला असंच लिही. तुझं पत्र मला विनीला वाचून दाखवायचंय.

तुझा अजून न सुधारलेला,
जोरी